पाठवणीचा एक फोटो कमी

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या बायकोचं, स्वरूपाचं म्हणणं होतं की लिहू नकोस. लोक हसतील, वर धंदा बसेल. पण ज्या मुलीच्या बाबतीत हे घडलं, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "लिहा. फक्त आडनाव घालू नका."

म्हणून आडनाव नाही. बाकी गाव, साल, वेळ, सगळं जसंच्या तसं.

यात अमावस्या नाही, पडका वाडा नाही, रात्रसुद्धा नाही. जे झालं ते भर उन्हात झालं. माणसांच्या गर्दीत, सनई चालू असताना.

मार्च २०२१. गुरुवार. बारामती तालुक्यातलं लोणी भापकर. दुपारचे सव्वाचार.

मी सूरज. मूळचा काटेवाडीचा. बारामतीत भिगवण चौकातून थोडं आत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, जावळं, साखरपुडे... हेच माझं काम.

कॅमेरा बिघडला तर दुसऱ्याचा मागून आणता येतो. पण आतलं मेमरी कार्ड गेलं, तर त्या दिवशीचं सगळंच गेलं. लग्न काही परत लागत नाही.

हे मला पाठ होतं. तरी माझी कार्डं तेव्हा एका जुन्या कंपासपेटीत पडलेली असायची. भरलेली, रिकामी, चांगली, बिघडलेली, सगळी एकत्र.

स्वरूपा सारखी म्हणायची, "अहो, निदान भरलेली आणि रिकामी तरी वेगळी ठेवा."

मी म्हणायचो, "मला कळतं कुठलं काय ते."

त्या गुरुवारी सकाळी पेटी उघडली. चार कार्डं आदल्या दिवशीच्या शूटिंगनं भरलेली. भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, एका जोडप्याचे फोटो काढले होते. ते कॉम्प्युटरवर घ्यायचे राहिले होते. रिकामी आणि चांगली अशी दोनच कार्डं निघाली.

तिसरं होतं ते जुनं. कोपऱ्यावर टवका उडालेलं.

महिन्यापूर्वी एका बारशात त्या कार्डानं दगा दिला होता. स्क्रीनवर 'एरर' आलं होतं. मी कॅमेरा बंद करून चालू केला, तर पुन्हा चाललं. घरी येऊन ते फेकायचं ठरवलं. फेकलं मात्र नाही.

ते कार्ड खराब आहे, हे मला माहीत होतं.

हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. मला माहीत होतं.

तरी मी ते खिशात टाकलं. म्हटलं, लागणारच नाही.

लग्न होतं निकिताचं. दिलेली इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीला. कोरोनाचे दिवस. पन्नास माणसांची परवानगी. दारातच छोटा मांडव घातलेला. व्हिडिओ नाही, डीजे नाही, नुसती सनई आणि मी.

निकिताचे वडील, गेणबा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. साठीला टेकलेला माणूस. दोन एकर ऊस, तीन गाई आणि ही एकुलती एक पोरगी.

आबा सकाळपासून नुसते पळत होते. पाव्हण्यांना पाणी मिळालं का, आचाऱ्याला सरपण आहे का, गुरांना वैरण टाकली का. फोटोला बोलावलं की लांबूनच हात हलवायचे.

"तुमी घ्या की, मी आलोच."

आणि यायचेच नाहीत. त्यात तोंडाला मास्क. हिरवा, कापडी, डोळ्यांपर्यंत ओढलेला. पोरीच्या सासरची माणसं येणार, कुणी नाव ठेवायला नको, म्हणून त्यांनी तो दिवसभर उतरवलाच नाही.

अक्षता पडेपर्यंत माझी दोन्ही कार्डं भरली.

मी तिसरं काढलं. घातलं. दोन फोटो काढून बघितले. व्यवस्थित आले.

मग कन्यादान, सप्तपदी, जेवणावळी, सगळं त्याच कार्डावर. कन्यादानालाही आबांचा मास्क तोंडावरच होता.

सव्वाचारला पाठवणी.

गोठ्यासमोर लिंबाचं झाड आहे. त्याखाली गाडी उभी होती. निकिता आईच्या, मुक्ताबाईंच्या गळ्यात पडून रडत होती. बायका रडत होत्या. आबा कुठंच दिसेनात.

मग ते गोठ्यातून बाहेर आले. तोंड धुऊन आले होते. मास्क ओला झाला होता.

निकिता पाया पडायला वाकली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला.

मी म्हणालो, "आबा, एक मिनिट मास्क काढा की. चेहरा येऊ द्या."

त्यांनी तो गळ्यात ओढला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. ओठ थरथरत होते. हसायचा प्रयत्न चालला होता, जमत नव्हतं.

हात पोरीच्या डोक्यावर टेकला.

मी बटण दाबलं. खट्.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "आला का रं फोटू?"

मी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. पुढचा फोटो घ्यायची घाई होती.

म्हणालो, "आला, आबा. एक नंबर आला."

त्यांनी मान हलवली आणि मास्क पुन्हा वर ओढला.

स्टुडिओत येऊन तिसरं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

काहीच दिसेना. कार्ड आहे, असंच कॉम्प्युटर मानेना. दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं... एरर. मित्राच्या दुकानात नेलं, पुण्याला पाठवलं. तिथला माणूस म्हणाला, "यात काही उरलेलं नाही."

मी निकिताच्या घरी काही कळवलं नाही. म्हटलं, आणखी कुणाला तरी दाखवून बघू. मग सांगू.

एप्रिलच्या मध्यावर आबांना ताप आला. आधी गावात औषध, मग बारामतीत दवाखाना. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. दहाव्या दिवशी आबा गेले.

घरी आणलंच नाही. निकिताला निमगावहून निघू दिलं नाही. रस्ते बंद, तिच्याही घरात दोघांना ताप. तिनं बापाचं तोंड पाहिलं नाही.

मला कळलं तेव्हा मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

मीच त्यांना मास्क काढायला लावला होता. एका मिनिटासाठी. डॉक्टर मित्र म्हणतो, महिन्यानंतरचा ताप आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नसेलही.

दोन आठवड्यांनी निकिताचा फोन आला. आवाज बसलेला.

"सूरजदादा, आल्बम राहू द्या सावकाश. पण पाठवणीचा आबांचा फोटो तेवढा पाठवता का? भिंतीवर लावायला फोटोच न्हाय. सगळ्यांच्या मोबाईलात त्यांना मास्कच हाय."

मी काय बोलायला पाहिजे होतं, ते मला आज माहीत आहे.

तेव्हा म्हणालो, "काम चालू आहे, ताई. दुकान बंद आहे ना सध्या. उघडलं की पाठवतो."

"पण आलाय ना चांगला?"

"आलाय."

शेवटी भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला, असं पुढं कळलं. दहा वर्षांपूर्वीचा. फुटलेला, राखाडी. आबा त्यात ओळखूसुद्धा येत नव्हते.

ती दर महिन्याला फोन करायची. कधी रागावली नाही. मी दर महिन्याला नवीन कारण सांगायचो. नंतर तिचा नंबर दिसला की मी फोन बराच वेळ नुसता वाजू द्यायचो.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. मी सगळं बदललं. सहा नवी कार्डं घेतली, वेगानं लिहिणारी, ओळखीच्या दुकानातून, नीट पारखून. कॅमेराही असा घेतला, की त्यात एका वेळी दोन कार्डं बसतात. प्रत्येक फोटो दोन्हींवर पडतो. एक दगावलं तरी दुसरं असतं.

स्वरूपानं कार्डांसाठी कप्प्यांची डबी आणली. प्रत्येक कार्डावर नंबर. रिकामं असेल तर चिठ्ठी वर, भरलं की उलटं. घरी आलो की कार्डं ती ताब्यात घ्यायची. पहिल्या फोटोचा नंबर, शेवटच्या फोटोचा नंबर, एकूण फोटो किती, सगळं वहीत लिहायची.

जुनं कार्ड मी एका पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. टाकवत नव्हतं.

नोव्हेंबरात पहिलं लग्न झालं, सोमेश्वरनगरला. दुसऱ्या दिवशी स्वरूपा वही घेऊन आली.

"एक फोटो कमी आहे."

"म्हणजे?"

"नंबरांप्रमाणं सहाशे बारा पाहिजेत. सहाशे अकराच आहेत. मधला एक नाही. तुम्ही डिलीट केला का?"

"लग्नात मी काही डिलीट करत नाही."

"दोन्ही कार्डांवर नाही."

मी म्हटलं, असेल काहीतरी. नवीन कॅमेरा आहे.

दुसरं लग्न, लासुर्णे. पुन्हा एक कमी.

तिसरं, काटेवाडीतच. एक कमी.

तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं, की नेमका कुठला फोटो कमी आहे.

तिन्ही ठिकाणी... पाठवणीचा.

चौथ्या लग्नाला मी ठरवून गेलो. नवरी वडिलांच्या पाया पडायला वाकली आणि मी बटण दाबूनच धरलं. एका दमात दहा फोटो. बघू कुठला जातो.

घरी येऊन लावले. पहिल्या चार फोटोंत बापाचा हात वर उचललेला आहे. हळूहळू खाली येतोय. नंतरच्या पाच फोटोंत हात डोक्यावरून निघालाय.

मधला... ज्यात हात डोक्यावर टेकलेला असणार...

तोच नाही.

स्वरूपा माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

त्या घरच्या लोकांना काहीच कळलं नाही. त्यांना नऊ फोटो मिळाले. दहावा होता, हे त्यांना कोण सांगणार?

पाचव्या लग्नापासून आवाज सुरू झाला.

मी बटण दाबलं की खट्. आणि लगेच, माझ्या डाव्या खांद्याच्या मागं...

खट्.

अगदी हलका. जुन्या कॅमेऱ्याचा असतो तसा. मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. मांडवाचा खांब आणि त्याला टेकवलेल्या खुर्च्या.

सातव्या लग्नात, इंदापूरकडच्या जंक्शन गावाजवळच्या एका वस्तीवर, सगळ्या बायका रडत होत्या, सनईवाला जीव तोडून वाजवत होता. मी फोटो घेतला. दुसरा खट् झाला. आणि त्या गोंगाटात, कानाशी, अगदी शांतपणे...

"आला का रं?"

माझ्या हातातून कॅमेरा सुटला. पट्टा गळ्यात होता म्हणून वाचला.

नवरीचा भाऊ धावत आला. "काय झालं, दादा? ऊन लागलं का?"

मी म्हणालो, "व्हय. ऊन लागलं."

तो आवाज घाबरवणारा नव्हता. तो रागाचाही नव्हता. एखादा माणूस लाजत लाजत विचारतो ना, त्रास द्यायचा नाही म्हणून दबक्या आवाजात... तसा होता. त्यामुळंच मला सहन होईना.

मे महिन्यापर्यंत अकरा लग्नं झाली. वहीत अकरा नंबर लाल पेननं गोल केलेले.

अकराव्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्वरूपानं वही माझ्यासमोर ठेवली.

"मला खरं सांगा. हे कशाचं आहे?"

मी सांगितलं. सगळं. खराब कार्ड, आबा, निकिताचे फोन, चौदा महिन्यांचं खोटं.

ती म्हणाली, "दर महिन्याला फोन करते ती पोरगी?"

"हो."

"आणि तुम्ही काम चालू आहे म्हणता?"

मी वही मिटली.

"उठा. आत्ताच्या आत्ता जायचं. मी येते बरोबर."

निकिता तेव्हा माहेरी आली होती. सहावा महिना होता तिला. खणातलं पाकीट खिशात घालून, कॅमेऱ्याची बॅग घेऊन आम्ही दुपारी लोणी भापकरला पोहोचलो. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"आई, सूरजदादा आले. आबांचा फोटो घेऊन आले."

मुक्ताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

मी उभा राहूनच सांगितलं. बसायची हिंमत झाली नाही. फोटो नाही. कधीच नव्हता. कार्ड खराब होतं. ते मला आधीपासून माहीत होतं.

निकिताच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"चौदा महिने, दादा?"

"चुकलं, ताई."

"मी जाऊला सांगायची, फोटो येणार हाय. लई चांगला आलाय म्हणायची. तुमीच म्हणाला होता ना चांगला आलाय म्हणून?" तिचा आवाज फुटला. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एकदाच रडले असते मी. तुमी मला दर महिन्याला आशेला लावलं."

मुक्ताबाई आत गेल्या. आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

स्वरूपानं निकिताच्या खांद्यावर हात ठेवला. मग वहीतले अकरा नंबर दाखवले. दुसरा खट्, तो आवाज, सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आता आम्हाला हाकलून देईल.

तिनं डोळे पुसले. "ते कार्ड कुठं हाय?"

मी खिशातून पाकीट काढलं.

"घाला कॅमेऱ्यात."

"ताई, ते चालत नाही. पुण्यालासुद्धा..."

"घाला म्हणते ना."

मी कॅमेऱ्यातली नवीन कार्डं काढली, ते घातलं. कॅमेरा चालू केला. एरर येणार, म्हणून मी स्क्रीन माझ्याकडंच धरली होती.

एरर आलं नाही.

कोपऱ्यात आकडा आला... अकरा.

मी पहिला फोटो उघडला. सोमेश्वरनगरची नवरी. हिरवा चुडा, मुंडावळ्या, वाकलेली मान. नंबर तोच, वहीतला.

तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा असलेला माणूस तिचा बाप नव्हता.

लग्नाच्या दिवशीचाच पांढरा सदरा. गुलाबी फेटा. मास्क गळ्यात ओढलेला.

आबा होते.

निकितानं माझ्या हातातून कॅमेरा ओढून घेतला. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी कधी विसरणार नाही. रडणंही नव्हतं आणि हसणंही नव्हतं.

"आई! आई गं, आबा! आबा हायेत!"

मुक्ताबाई धावत आल्या. त्यांनी छोट्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या.

दुसरा फोटो. लासुर्ण्याची नवरी. तिच्या डोक्यावर आबांचा हात.

तिसरा. चौथा. पाचवा.

प्रत्येक फोटोत वेगळी मुलगी. आबा तेच. आणि प्रत्येक फोटोत ते थोडे खाली वाकून मुलीच्या चेहऱ्याकडं निरखून बघत होते. गर्दीत हरवलेलं पोर शोधताना माणूस बघतो ना, ही आहे का... ही आहे का... तसं.

निकिता एकेक पुढं सरकवत होती.

"माझा कुठंय? माझा असंल ना पुढं?"

नववा. दहावा.

अकरावा.

त्यात आबा नवरीकडं बघत नव्हते. हात तिच्या डोक्यावर होता, पण मान वर केलेली होती. ते समोर बघत होते. कॅमेऱ्याकडं.

माझ्याकडं.

पुढं काही नव्हतं.

निकितानं पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग उलटे बघितले. तिचा फोटो नव्हता. अकरा परक्या पोरींच्या डोक्यावर तिच्या बापाचा हात होता. तिच्या नव्हता.

"हे आबा मलाच हुडकत फिरत्यात," ती म्हणाली. "आई, ते मलाच हुडकत्यात गं."

मुक्ताबाईंनी तिला जवळ घेतलं. "व्हय गं बाई. व्हय."

स्वरूपानं मोबाईलवर त्या स्क्रीनचा फोटो घेतला. मोबाईलात नुसता पांढरा उजेड आला. मी घाईनं लॅपटॉप काढला, कार्ड लावलं. कार्ड दिसलं. आत... शून्य. परत कॅमेऱ्यात घातलं. एरर.

मुक्ताबाईंनी विचारलं, "गेले?"

मी मान हलवली.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "एवढ्यासाठी आले व्हते. एवढुसं तोंड दावायला."

गोठ्यात गाय हंबरली. निकिता उठून आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा अंगावर लग्नातला शालू होता. पोट पुढं आलेलं, निऱ्या नीट बसल्या नव्हत्या. कपाळाला मुंडावळ्या बांधल्या होत्या, वाळून पिवळ्या पडलेल्या.

"चला. लिंबाखाली चला."

मला कळलं ती काय म्हणतेय ते. मी नवीन कार्डं घातली. दोन्ही रिकामी, दोन्ही तपासलेली.

घड्याळात चार वाजून गेले होते. लिंबाची सावली गोठ्याच्या दारापर्यंत आली होती. निकिता जिथं त्या दिवशी उभी होती, तिथंच उभी राहिली. समोर कुणी नव्हतं.

ती रिकाम्या जागेच्या पाया पडायला वाकली. सहाव्या महिन्यात वाकवत नव्हतं. तरी वाकली, हात मातीला लावले आणि मान खाली घालून थांबली.

"आबा, मी हितं हाय बघा. मी निकी. दुसरीकडं कुठं जाऊ नका आता."

मुक्ताबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मी बटण दाबलं.

खट्.

मागं दुसरा आवाज होतो का, म्हणून मी श्वास रोखून उभा राहिलो.

नाही झाला.

लिंबाचं एक पानही हललं नाही. वारा नव्हता.

मी स्क्रीन बघितली. तिथं लिहून आलं, एकही फोटो नाही. पण कॅमेऱ्यानं आकडा पुढं सरकवला होता. एक फोटो घेतला गेला होता. तो कार्डावर नव्हता. दोन्हींवर नव्हता.

निकिता वाकलेलीच होती. "आला का, दादा?"

"नाही आला, ताई," मी म्हणालो. "आकडा पुढं गेलाय, म्हणजे काढला गेला, पण इथं नाही आला."

ती सावकाश उठली. स्वरूपानं तिला हात दिला.

मी विचारलं, "तुम्हाला काही जाणवलं का? डोक्यावर... काही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"न्हाय दादा," ती म्हणाली. "काहीच न्हाय जाणवलं."

आणि मग ती त्या झाडाखाली मातीत बसून रडली. चौदा महिन्यांचं सगळं रडली. कुणी तिला उठवलं नाही.

त्यानंतर बाराव्या लग्नात एकही फोटो कमी आला नाही. तेराव्यात नाही. आज चार वर्षं होत आली, स्वरूपाच्या वहीत लाल गोल नाही. बटण दाबलं की एकदाच आवाज येतो. पाठवणीचे फोटो पुरे येतात.

स्वरूपा म्हणते, त्यांना त्यांची पोरगी सापडली. शांत झाले. असंच असेल. पण तसं म्हणताना तीही माझ्याकडं बघत नाही.

निकिताला मुलगी झाली. बारशाला फोटो काढायला त्यांनी इंदापूरचा फोटोग्राफर बोलावला. मला बोलावलं नाही. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

हे लिहायची परवानगी मागायला गेल्या महिन्यात तिला फोन केला. ती हो म्हणाली, ते वर सांगितलंच. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या दिवशी लिंबाखाली तुमी फोटो काढला. आकडा पुढं गेला म्हणालात. म्हंजे फोटो निघाला."

"हो."

"मग तो हाय कुठं?"

मागं तिची पोरगी कशावरून तरी खिदळत होती.

"मला नाही माहीत, ताई."

तिनं पोरीला बाहेर खेळायला पिटाळलं.

"त्यात आबा कसं दिसत असतील," ती म्हणाली, "एवढंच बघायचं व्हतं मला."